प्रयोगशाळेचा पहारेकरी कोण?

२०२३ च्या जानेवारीत कामानिमित्त चार दिवस कुंभकोणमला मुक्काम पडला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील एका विद्यापीठाला केंद्राकडून मिळालेल्या संशोधन अनुदानाचा विनियोग तपासावयाचा होता. विद्यापीठाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते देशातील कितीतरी संस्थांना लागू पडेल. सांबा हंगामातील भाताची कापणी सुरू होती. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या या गावातून रोज सकाळी बाहेर पडताना दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे खाचर दिसत.

कुंभकोणम हे मराठी माणसाला अगदीच परके गाव नाही. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथलाच. तंजावरचे भोसले घराण्याचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले, तरी त्या काळी तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही या भागात आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या घरात त्यांच्या वळणाचे मराठी बोलले जाते. अशाच एका घरातील माणसाने मला या लेखाचा विषय दिला.

विनियोग प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यात संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची इतिवृत्ते जोडलेली होती. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. तरीही इतिवृत्त कसे वाचावे हे तीस वर्षांच्या नोकरीने शिकवले आहे. एकाच दुपारी चौदा प्रस्ताव विचारात घेतले गेले होते. प्रत्येकापुढे एकच वाक्य होते : ‘चर्चेअंती मान्यता देण्यात आली.’ एकही प्रस्ताव परत पाठवलेला नव्हता, एकाही प्रस्तावाला अट घातलेली नव्हती, आणि कोणी काय विचारले याची नोंद नव्हती. मागच्या चार सभांची इतिवृत्ते काढून पाहिली. तारखा व शीर्षके सोडल्यास ती एकमेकांच्या प्रती वाटाव्यात अशी होती.

ही समिती म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगितले पाहिजे.

एका सजीवातील जनुक काढून दुसऱ्या सजीवाच्या डीएनएला जोडण्याच्या तंत्राला पुनर्संयोजित डीएनए तंत्र म्हणतात. १९८२ पासून मधुमेहाच्या रुग्णांना या तंत्राने तयार केलेले मानवी इन्सुलिन मिळू लागले. त्यापूर्वी ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागे. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये याच तंत्राने हिपॅटायटिस-बी ची लस बाजारात आणली आणि परदेशी लशीची मक्तेदारी मोडली. तेव्हा या तंत्राबद्दल माझ्या मनात अढी नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो.

मात्र ज्यांनी हे तंत्र शोधले, त्यांनाच सर्वप्रथम त्याची काळजी वाटली. १९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील ॲसिलोमार येथे शास्त्रज्ञ एकत्र जमले आणि कोणते प्रयोग कोणत्या बंदोबस्तात करावेत यावर त्यांनी स्वतःहून मर्यादा घालून घेतल्या. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यावर आधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक संस्थेची स्वतःची जैवसुरक्षा समिती असावी, ही कल्पना त्याच परंपरेतून आली.

भारतात याला कायद्याचे बळ मिळाले ते भोपाळनंतर. १९८४ च्या वायुगळतीमुळे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्या कायद्याखाली ५ डिसेंबर १९८९ रोजी घातक सूक्ष्मजीव व जनुकीय बदल केलेले सजीव यांच्याविषयीचे नियम अधिसूचित झाले. या नियमांत सहा समित्या आहेत. सल्लागार समिती, जैवतंत्रज्ञान विभागातील जनुकीय फेरफार आढावा समिती, पर्यावरण मंत्रालयातील जनुकीय अभियांत्रिकी समिती, राज्याची समन्वय समिती, जिल्हा समिती, आणि या सर्वांच्या तळाशी प्रत्येक संशोधन संस्थेतील जैवसुरक्षा समिती.

तळाशी म्हटले, पण प्रत्यक्षात सगळी इमारत तिच्यावर उभी आहे. संस्थेचा प्रमुख, तेथे डीएनएवर काम करणारे शास्त्रज्ञ, एक वैद्यकीय तज्ज्ञ आणि जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला एक प्रतिनिधी अशी तिची रचना नियमातच दिली आहे. तिने वर्षातून किमान दोनदा बसावे, वार्षिक अहवाल वर पाठवावा. २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अगदी कमी जोखमीचे प्रयोग तिला केवळ कळवायचे असतात, मधल्या जोखमीच्या प्रयोगांना तिची पूर्वपरवानगी लागते, आणि त्याहून अधिक जोखमीचे प्रस्ताव तिच्या शिफारशीने दिल्लीला जातात. म्हणजे बहुसंख्य प्रयोगांच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचाच. दिल्लीतील समितीला जे दिसते तेही तिच्याच डोळ्यांनी.

आता त्या विद्यापीठाकडे परत येतो. इतिवृत्ते वाचून झाल्यावर मी प्रयोगशाळा पाहण्याची इच्छा व्यक्त केली. प्राध्यापक मंडळी वर्गात होती, म्हणून एका प्रयोगशाळा परिचराला माझ्याबरोबर दिले. माझे आडनाव ऐकताच ते गृहस्थ मराठीत बोलू लागले. तंजावरी मराठी कुटुंबातील, पन्नाशीचे, बावीस वर्षे त्याच प्रयोगशाळेत. भांडी धुणे, माध्यमे तयार करणे, वापरून झालेल्या बशा आणि नळ्या निर्जंतुक करून टाकून देणे, ही त्यांची कामे.

निर्जंतुक करण्याचे काम ऑटोक्लेव्हमध्ये होते. ऑटोक्लेव्ह हा एक मोठा प्रेशर कुकरच समजा. १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत जंतू मरतात, पण त्यासाठी दाब टिकला पाहिजे आणि वाफ पिशवीच्या गाभ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. त्या यंत्राच्या झाकणाचे रबर झिजलेले होते आणि कडेने वाफ निघत होती. किती दिवस असे आहे, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, “पाऊस संपल्यापासून, सर. पट्टीवर काळ्या रेषा येतात, म्हणून चालवतो.” त्या पट्टीचा अर्थ नंतर एका तरुण प्राध्यापिकेने मला समजावून सांगितला. रेषा उमटल्या म्हणजे पिशवीच्या बाहेरच्या बाजूला उष्णता पोहोचली, एवढेच. आतले जंतू मेले की नाही हे पाहायला उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू आत ठेवून चाचणी घ्यावी लागते. त्या चाचणीची वही मी मागितली. शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची होती.

धोका किती मोठा होता? फार मोठा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेथे वापरला जाणारा ई-कोलाय जिवाणू प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला, दुबळा. माणसाच्या आतड्यात तो तग धरत नाही. पण या कामात जनुक चिकटला की नाही हे ओळखण्यासाठी प्रतिजैविकांना दाद न देणारे जनुकही बरोबर जोडतात. अर्धवट मेलेले जिवाणू मोरीत गेले, मोरीतून गटारात आणि गटारातून भातशेतीच्या पाटात गेले, तर ते जनुक तेथील जिवाणूंना मिळण्याची शक्यता उरते. एका बशीने काही बिघडत नाही. परंतु सुरक्षिततेची व्यवस्था एका बशीसाठी नसते, ती सवयीसाठी असते. आज साध्या जिवाणूवर काम करणारी प्रयोगशाळा उद्या अधिक जोखमीचा प्रस्ताव पाठवणार आहे, आणि तो दिवस उजाडेल तेव्हा यंत्र तेच, माणसे तीच आणि सवयही तीच असणार.

मी परिचरांना विचारले, “हे समितीला कोणी सांगितले का?” ते हसले. म्हणाले, “सभेला मी जातो, सर. दर वेळी. चहा घेऊन.”

या एका वाक्यात समितीचे सगळे दुखणे आले. जो माणूस धोक्याच्या सर्वांत जवळ उभा आहे, तो सभेच्या खोलीत असूनही सभेत नाही. आणि जे सभेत आहेत त्यांची अडचण अशी की, आज मी माझ्या सहकाऱ्याच्या प्रस्तावावर बोट ठेवले तर पुढच्या सभेत तो माझ्या प्रस्तावावर ठेवणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. अध्यक्षस्थानी संस्थेचा प्रमुख. अनुदान आणणे, प्रकल्पांची संख्या वाढवणे, मूल्यांकनात वरची श्रेणी मिळवणे ही त्याची जबाबदारी. त्याच माणसाने अनुदान आणणाऱ्या प्रकल्पाला थांबवावे, अशी आपली अपेक्षा. अर्थशास्त्रात याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. त्यासाठी माणूस वाईट असावा लागत नाही, रचना तशी असली म्हणजे पुरे. शिवाय चूक झालीच, तर तिची किंमत समितीला द्यावी लागत नाही. ती मोरी साफ करणारा देतो, किंवा पाटाच्या खालच्या अंगाचा शेतकरी देतो. लाभ एकाकडे आणि जोखीम दुसऱ्याकडे असेल, तेथे जोखीम नेहमी गरजेपेक्षा अधिक घेतली जाते, हा आमच्या शास्त्रातील जुना सिद्धान्त आहे.

१९७८ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात देवीच्या विषाणूवर काम चालू असताना संसर्ग झाला आणि जॅनेट पार्कर यांचा मृत्यू झाला. देवीने घेतलेला जगातील तो शेवटचा बळी. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या वैद्यकीय छायाचित्रकार होत्या. पुनर्संयोजित डीएनएशी या घटनेचा संबंध नाही, पण भिंतीपलीकडचा माणूस किती जवळ असतो, हे तिने कायमचे दाखवून दिले.

येथपर्यंत वाचून वाचकाला वाटेल की दोष शास्त्रज्ञांचा आहे. तसे नाही. झाकणाचे रबर बदलण्याचा प्रस्ताव त्या विभागाने वेळेवर पाठवला होता. ती फाईल मी मागवून घेतली. तीन दरपत्रके हवीत, म्हणून ती एकदा परत आली होती. तीन मिळाली, तेव्हा देखभालीचा वार्षिक करार का संपू दिला असा शेरा पडला. कराराचे उत्तर दिले, तेव्हा अखेरचा शेरा आला : ‘सदर बाब मंजूर अंदाजपत्रकात अंतर्भूत नाही.’ प्रश्न काही हजार रुपयांचा होता. लाखो रुपयांची उपकरणे मंजूर करणाऱ्या प्रकल्पात ती निर्धोक चालवण्यासाठी लागणारी रक्कम कोणीतरी मंजुरीच्या वेळीच कापली होती.

ती कोण कापतो, हे मला पक्के ठाऊक आहे. मी कापतो. दिल्लीत अनुदानांच्या छाननीच्या बैठकांना वित्त शाखेचा प्रतिनिधी म्हणून मी अनेक वर्षे बसलो. प्रस्तावात देखभाल, चाचणी, प्रशिक्षण, संकीर्ण असे शब्द दिसले की आमची लेखणी तेथे पहिल्यांदा थांबते. उपकरण दिसते, त्याची किंमत पडताळता येते. देखभाल दिसत नाही, म्हणून ती चैन वाटते. कपात सुचवली की काटकसरीचे समाधान मिळते आणि वरिष्ठही संतुष्ट होतात. त्या फाईलवरचा शेरा माझा नव्हता, पण हस्ताक्षर सोडले तर त्यात माझे नाही असे काही नव्हते. त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत बसून मी किती प्रस्तावांतील असे आकडे खोडले असतील, याचा हिशेब करू लागलो. तो लागला नाही.

कुंभकोणममध्ये बसून असा विचार करताना आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोरून हलत नाही. १६ जुलै २००४ रोजी याच गावातील एका शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून उठलेली आग वर्गांवरील झापांच्या छपराला लागली आणि ९४ मुले दगावली. २०१४ मध्ये तंजावरच्या न्यायालयाने १० जणांना दोषी ठरवले. संस्थाचालकांबरोबर शिक्षण खात्यातील कर्मचारी आणि एक अभियंताही त्यांत होते. पुढे २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांपैकी काहींची मुक्तता केली. कोणाचा किती दोष हा न्यायालयाचा विषय. प्रशासकाने शिकायचा धडा निराळा आहे. शाळेला मान्यता होती, खाते होते, तपासणीची पद्धत होती. झापांचे छप्पर आणि अरुंद जिना मात्र तेथे रोज येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता. कागदावर सुरक्षित असलेली जागा प्रत्यक्षात सुरक्षित आहे की नाही, हे कोणीतरी स्वतः जाऊन पाहावे लागते.

विषय जनुकांचा असल्याने महाराष्ट्रातील वाचकांना जवळचे वाटेल असे उदाहरणही देतो. खाजगी कंपन्यांच्या बीटी कापसाचे संकरित बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते. त्याला पर्याय म्हणून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या साह्याने ‘बिकानेरी नरमा’ हा सरकारी बीटी वाण तयार केला. शेतकऱ्याला घरचे बियाणे पुढच्या वर्षी पेरता यावे, हा त्यामागचा हेतू. विदर्भाच्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी याहून चांगला हेतू कोणता? २००९ मध्ये बियाणे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले, आणि त्याच सुमारास लक्षात आले की त्यात मोन्सँटोचा ‘मॉन-५३१’ हा जनुकीय घटक आहे. विक्री थांबवावी लागली. पुढे सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. सार्वजनिक पैशाने चाललेले एक चांगले काम मातीमोल झाले. कोणत्या वाफ्यात कोणते रोप, कोणत्या डब्यात कोणते बियाणे, कोणत्या चाचणीचा काय निष्कर्ष, याची पहिली वही संस्थेतच असते. ती वही वेळच्या वेळी परक्या नजरेने कोणी तपासली असती, तर वरच्या समित्यांना नंतर चौकशी करण्याची वेळ कदाचित आली नसती.

हे सर्व आता अधिक निकडीचे झाले आहे. ३० मार्च २०२२ रोजी पर्यावरण मंत्रालयाने जनुकसंपादित वनस्पतींच्या काही प्रकारांना १९८९ च्या नियमांतील ७ ते ११ या कलमांतून सूट दिली. त्याच वर्षी मे महिन्यात जैवतंत्रज्ञान विभागाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. ज्या वनस्पतीत बाहेरचा डीएनए उरलेला नाही, तिला पूर्वीची लांबलचक परवानगी लागणार नाही. पण बाहेरचा डीएनए खरोखर उरलेला नाही, हे पुरावा तपासून प्रथम ठरवायचे कोणी? संस्थेच्या जैवसुरक्षा समितीने. ४ मे २०२५ रोजी हैदराबादच्या व दिल्लीच्या सरकारी संस्थांनी विकसित केलेले ‘डीआरआर धान १०० (कमला)’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ हे जनुकसंपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. कुंभकोणमपासून जवळच आडुतुरै येथे १९२२ पासूनचे भात संशोधन केंद्र आहे आणि भोवताली कावेरीचे भाताचे कोठार. या बियाण्यांचा पुढचा प्रवास अशाच प्रदेशांतून होणार.

सूट देण्याला माझा विरोध नाही. दिल्लीत वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या फायली मी पाहिल्या आहेत आणि चांगल्या संशोधकाचा त्यात कसा कोंडमारा होतो तेही पाहिले आहे. स्वतंत्र वैधानिक प्राधिकरण स्थापण्याचे विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्याने व्यपगत झाले. त्यामुळे आपण अजूनही मुख्यतः १९८९ च्याच चौकटीत आहोत. त्या चौकटीत वरचा भार खाली सरकवला, हे समजू शकते. परंतु भार खाली सरकवताना खालच्या खांबाची ताकद कोणी पाहिली?

या खांबाला बळकटी कशी द्यावी, याविषयी चार सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली सूचना समितीच्या रचनेची. अमेरिकेत केंब्रिज शहरात हार्वर्डच्या प्रयोगशाळेवरून १९७६ मध्ये वाद पेटला, तेव्हा महापौर आल्फ्रेड व्हेलुची यांनी शास्त्रज्ञांना नगरसभेत बोलावून जाब विचारला. नगरसभेने शास्त्रज्ञ नसलेल्या नागरिकांचे एक मंडळ नेमले. या सामान्य माणसांनी काही महिने विषय समजून घेतला आणि अखेर काय सुचवले? बंदी नव्हे, तर थोड्या अधिक काळजीसह परवानगी. फेब्रुवारी १९७७ मध्ये तसा स्थानिक कायदा झाला, आणि ते शहर पुढे जैवतंत्रज्ञानाचे जगातील एक मोठे केंद्र बनले. आजही अमेरिकेतील नियमांप्रमाणे अशा समितीत संस्थेशी संबंध नसलेले किमान दोन सदस्य असावे लागतात, आणि त्यांनी आसपासच्या समाजाचे हित पाहावे अशी अपेक्षा असते. आपल्याकडे बाहेरचा सदस्य आहे, पण तोही शास्त्रज्ञच. गावातील शाळेचा विज्ञान शिक्षक, एखादा शेतकरी, नगरपालिकेचा आरोग्य अधिकारी यांपैकी दोघे समितीत हवेत. आणि प्रयोगशाळा परिचरांचा एक प्रतिनिधी तर हवाच. त्याच्यासाठी वेगळी खुर्ची आणण्याचीही गरज नाही, चहाची थाळी खाली ठेवायला सांगितले की झाले.

दुसरी सूचना पैशाची. प्रत्येक अनुदानात सुरक्षिततेसाठी ठरावीक हिस्सा राखून ठेवावा, तो अन्य बाबींकडे वळवता येऊ नये आणि छाननीत कापताही येऊ नये. अशी लहान खरेदी समितीच्या ठरावावर थेट व्हावी. आमच्या लेखणीला एवढा लगाम आवश्यक आहे.

तिसरी सूचना पाहण्याची. सभेपूर्वी किमान दोन सदस्यांनी प्रयोगशाळेत जावे, वह्या पाहाव्यात, परिचरांशी एकांतात बोलावे आणि काय पाहिले ते इतिवृत्तात लिहावे. शेजारच्या संस्थांनी एकमेकांची तपासणी करण्याचा प्रघात पाडावा. लहान महाविद्यालयांवर हा भार जड होईल असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. त्यांच्यासाठी दोन-तीन जिल्ह्यांची मिळून एक समिती करता येईल. सहा पोकळ समित्यांपेक्षा एक भरीव समिती केव्हाही बरी.

चौथी सूचना माझ्याच सेवाबंधूंसाठी. १९८९ च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत एक जिल्हा समिती आहे. ‘जेथे आवश्यक असेल तेथे’ असे शब्द नियमात आहेत, आणि आवश्यक आहे असे ठरवण्याचे काम कोणाचे हे न ठरल्याने बहुधा ती आवश्यक ठरत नाही. मी ज्या जिल्हाधिकाऱ्यांना आजवर विचारले, त्यांपैकी बहुतेकांनी या समितीचे नाव प्रथम माझ्याच तोंडून ऐकले. संस्थेने तयार केलेल्या आपत्कालीन आराखड्याची प्रत या समितीकडे असावी, असे नियम सांगतो. जिल्ह्यात कोणत्या प्रयोगशाळेत काय चालते, हे जिल्ह्याच्या शल्यचिकित्सकाला आणि अग्निशमन अधिकाऱ्याला अपघातानंतर कळण्यात अर्थ नाही.

परतीच्या वाटेवर तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८३२ पर्यंतच्या आपल्या कारकिर्दीत वैद्यकाची मोठी आस्था बाळगली. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रे त्यांनी करून ठेवली, आणि ती या ग्रंथालयात जपली आहेत. राज्यकारभार तोपर्यंत कंपनीकडे गेलेला होता, राजांच्या हाती फारशी सत्ता उरली नव्हती. पण रुग्णाचा डोळा कसा होता आणि उपचार काय केला, हे त्या कागदांवरून दोनशे वर्षांनंतरही कळते. आमच्या चौदा प्रस्तावांच्या इतिवृत्तावरून दोन महिन्यांनंतरही काही कळत नव्हते.

मी अहवालात सर्व लिहिले. मान्य केलेली पण कापली गेलेली रक्कम परत द्यावी, अशी शिफारस केली. काही महिन्यांनी नवे रबर बसले आणि बीजाणूंची चाचणी पुन्हा सुरू झाली, असे त्या प्राध्यापिकेने कळवले. समितीच्या रचनेत मात्र बदल झाला नाही, कारण तो माझ्या शिफारशीने होणारा नव्हे. त्यासाठी नियम बदलावे लागतील.

हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी अनेक जण घरापासून दूर आहेत, आणि त्यांतील काही परदेशी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत काम करतात. आपल्या संस्थेतील अशी समिती कशी चालते, तेथे बाहेरचा सदस्य खरोखर प्रश्न विचारतो की केवळ सही करतो, हे त्यांनी जरूर लिहून कळवावे. तेथील दोषही कळवावेत, नुसते गुण नकोत. नियम बदलण्याची चर्चा जेव्हा होईल, तेव्हा टेबलावर ठेवायला अनुभवाचे काही कागद असले पाहिजेत.

तोपर्यंत जे सध्याच्या नियमांतही करता येते, ते करावे. पुढच्या सभेत चहा घेऊन येणाऱ्या माणसाला बसायला सांगावे आणि विचारावे, यंत्र ठीक चालते का?